कोड काकासाहेबांच्या खिशात

"पासवर्ड चुकीचा आहे," संगणकानं सांगितलं. अप्पारावांनी तोच पासवर्ड पुन्हा ठोकला, यावेळी जरा जोरात.

मंदिराच्या कार्यालयात हा संगणक त्यांनीच आणला होता. पण शिवाराचे प्लॉट झाले, वस्ती वाढली, कंपनीतले काकासाहेब राहायला आले आणि यंदा सप्ताह समितीचे सचिवही झाले. आल्या आल्या त्यांनी मेलची सुरक्षा वाढवली. तेव्हापासून मेलची पेटी रुसून बसलेली.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पिठाच्या हातानं दारात उभ्या राहिल्या. "अहो, पिंपं कोरडी पडलीत. टँकरचं काय? उद्या काल्याला माणसं जेवू घालायची का नुसते टाळ ऐकवायचे?"

"टँकरवाल्यांचा फोन आलता, मेल केलाय म्हणून. चारच्या आत मेलवरच उत्तर द्यायचंय, नायतर टँकर दुसऱ्या वस्तीला. उघडतोय ना."

"काकासाहेबांना इचारा की. त्यांना लई येतं त्यातलं. अन् बोलणं कसं मऊ..."

"मी उघडतोय म्हणलं ना!"

"उघडा मग," म्हणत त्या गेल्या.

अप्पारावांनी सेटिंग धुंडाळलं. साध्या पासवर्डची पद्धत काढून नवी, सुरक्षित पद्धत निवडली. नवी चौकट उघडली. पासवर्ड टाकला, आणि बसला! त्यांनी मांडीवर थाप मारली. आता बघू म्हणावं कुणाला येतं ते.

चौकटीत ओळ उमटली : कोड पाठवला आहे, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या मोबाइलवर.

तो मोबाइल सचिवांचा होता. आणि सचिव मंडपात, गळ्यात वीणा घेऊन उभे. त्यांचा पहारा पाचपर्यंत.

सप्ताहभर वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं असतं. पहिल्या दिवशी वीणेचा पहिला मान काकासाहेबांना गेला, तेव्हाच अप्पारावांनी ठरवलं होतं, यंदा वीणेला हात लावायचा नाही.

मंडपात उन्हाच्या झळा येत होत्या. दोन म्हाताऱ्या आणि खांबाला टेकून पेंगणारे कडुबा नाना, एवढेच जपाला. अप्पारावांनी कानाशी मूठ नेऊन फोनची खूण केली. विणेकऱ्याला जपाशिवाय बोलता येत नाही. काकासाहेबांनी हसून वीणेखाली दबलेला खिसा दाखवला आणि वीणेसकट मान पुढं केली : आधी ही घ्या.

अप्पारावांनी मागं पाहिलं. द्वारकाबाई पिंप तिरपं करून तळाचं पाणी तांब्यात ओढत होत्या.

त्यांनी मनावर दगड ठेवला आणि वाकायला गेले. तेवढ्यात त्यांच्या पावलांवर काकासाहेबांचं कपाळ टेकलंसुद्धा. इथंही पहिला नंबर त्याचाच!

वीणा गळ्यात आली. काकासाहेब लगबगीनं कार्यालयात शिरले, आणि अप्पारावांनी दोनदा तार छेडली नाही तोच बाहेर आले.

"ताई, टँकर पक्का झाला!"

"देवासारखे धावलात बघा काकासाहेब!"

"छे हो, मी नुसता कोड टाकला. अवघड काम अप्पारावांनीच करून ठेवलं होतं."

"बघा गं बायांनो," द्वारकाबाई स्वयंपाकातल्या बायांकडं वळून म्हणाल्या, "केलेल्याचं श्रेय बी दुसऱ्याला देतो. याला म्हणावं माणूस!"

अप्पारावांच्या नरड्याशी शब्द आले. सेटिंग कुणी बदललं? पद्धत कुणी शोधली? अगं, तो खरंच बोलतोय! पण वीणा गळ्यात होती, आणि वीणा गळ्यात असलेल्याच्या तोंडाला एकच वाट मोकळी असते.

"राम कृष्ण हरी!" ते ओरडले. मंडपाचं कापड थरारलं. "राम कृष्ण हरी! राम कृष्ण हरी!"

कडुबा नानांची पेंग खाडकन उडाली. त्यांनी टाळ उचलले, डोळ्यांना उपरणं लावलं आणि शेजारच्या म्हातारीला म्हणाले,

"असा जिवातून धावा, बाई, या सप्त्यात आज पहिल्यांदा ऐकला."