नऊ तारखा

“एवढं जुनं आता वाळवीपण खात नाही, ताई,” म्हणत कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाने लाल फडक्याची गाठ सोडली. आईच्या ट्रंकेत सापडलेला खटल्याचा नंबर त्या कागदांवर होता. अर्जदार, माझी आई, अविवाहित. मागणी, चार महिन्यांच्या मुलीला पोटगी.

वडिलांबद्दल आईने मला एवढंच सांगितलं होतं, “कोर्टात म्हणाला, ही माझी नाही. परत तोंड दाखवलं नाही.” त्यावर मी पंचेचाळीस वर्षं काढली. सतरा दिवसांपूर्वी आई गेली, तेव्हाही मला ते खरंच वाटत होतं.

सामनेवाल्याचा जबाब दीड पानाचा होता. ‘मुलगी माझी आहे. मी लग्नास तयार आहे.’ खाली नाव, गाव आणि ठसठशीत सही. मागे रोजनामा, दर तारखेला कोण आलं त्याची नोंद. सामनेवाला हजर, अर्जदार गैरहजर. पुढच्या महिन्यातही तेच. अशा नऊ तारखा. दहाव्या तारखेला अर्ज निकाली काढला होता.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रडू आलं नाही. राग कुणाचा करायचा, तेही कळेना. आता विचारणार कुणाला?

“नक्कल हवीय ना?” कारकुनाने छापील अर्ज पुढे सरकवला. “तुम्ही कोण लागता, ते इथं लिहा.”

“मुलगी.”

“ते कळलं हो. कुणाची?”

जबाबात बघून बघून मी त्याचं नाव लिहिलं. मला अजून ते पाठ नव्हतं.