जिन्याची दोरी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा. शाळेचं सभागृह. पंखे गरगर फिरताहेत, तरी माणसं घामाघूम. पुढे टेबल, टेबलावर माइक, माइकमागे नगरसेवक. आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला, आजोबांच्या शेजारी, तुमच्याएवढीच एक मुलगी. मांडीवरचं दप्तर तिने दोन्ही हातांनी गच्च आवळून धरलंय.

सोमवारी शाळेच्या नव्या जिन्यावरून दुसरीतली एक पोर खाली पडली होती. पाय मोडला. जिन्याला कठडाच नव्हता.

"कठड्याचं काम आधीच्यांनी रखडवलं," नगरसेवक म्हणाले.

"आम्ही मंजूर केलं होतं! यांनी अडवलं!" आधीचे नगरसेवक मागून ओरडले.

ठेकेदाराने इंजिनिअरकडे बोट दाखवलं. इंजिनिअरने फाइल उघडली. "कठडा होईपर्यंत जिना बंद ठेवायचा होता. शिपायाला दोरी बांधायला सांगितलं होतं. त्याने बांधली नाही."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे शिपाईकाका उभे होते.

"बांधली होती, साहेब. चांगल्या दोन गाठी मारल्या होत्या."

"मग काय, पंख फुटले दोरीला?" इंजिनिअर म्हणाला.

लोक हसले. नगरसेवकांना धीर आला. "किल्ल्या द्या इकडे. उद्यापासून येऊ नका."

आजोबा धुमसत होते. सैन्यात वीस वर्षं त्यांनी नव्या भरतीच्या पोरांना घडवलं होतं.

"हे सगळे माझ्या तुकडीत हवे होते," ते नातीच्या कानाशी पुटपुटले. "आमच्या वेळी नेमबाजी संपली आणि एक काडतूस कमी भरलं. पन्नास जण भर उन्हात उभे. शिकवणारा उस्ताद काही विचारायचा नाही, तोही आमच्याबरोबर उभा. ज्याची चूक, त्याने आपणहून एक पाऊल पुढे यायचं. काडतूस माझ्या खिशात राहिलं होतं. मी आलो पुढे. यांच्यात आहे का कुणाची छाती?"

ही गोष्ट नातीला पाठ होती. एरवी 'एक पाऊल पुढे' आलं, की ती टाच आपटून दाखवायची. आज तिने मान खाली घातली.

"आजोबा, दोरी माझ्याकडे आहे."

"काय?"

"उड्या मारायला सोडायचे मी. मधली सुट्टी संपली, की परत बांधायचे. सोमवारी घंटा झाली आणि तशीच पळाले."

आजोबांनी झटकन आजूबाजूला पाहिलं. मग तिचं मनगट धरलं. "हळू बोल. कठडा नव्हता, ही त्यांची चूक. तू कशाला मध्ये पडतेस? तुला विचारलंय का कुणी?"

"तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं?"

आजोबांनी मनगट सोडलं नाही.

समोर शिपाईकाकांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला.

मुलीने हिसका देऊन हात सोडवला. रांगेतून बाहेर आली, एक पाऊल पुढे टाकलं आणि टाच आपटली. मग ती तशीच टेबलापर्यंत चालत गेली, दप्तर उघडलं आणि दोरी काढून किल्ल्यांच्या शेजारी ठेवली.