पहिल्या हाकेला ओ

हाक आली तेव्हा करवतीचं पातं लाकडात निम्म्यावर पोचलं होतं.

"अहो, कोणी आहे का?"

आवाज मागून, दारातून आला. भारदस्त, इंजिनाच्या घरघरीवर मात करायची सवय असलेला. सुताराने तो आधी कधी ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. ज्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं, तिचे हे वडील. सांगितल्या वेळेच्या बरेच आधी येऊन धडकले होते.

तिने त्याला बजावून ठेवलं होतं, की बाकी काही चुकलं तरी चालेल, पण बाबांनी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची. जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाले तरी घरात दुसऱ्यांदा हाक मारावी लागली की त्यांचं डोकं फिरायचं. तिच्या मामेभावाने एकदा ओ दिली नाही, तर त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. आणि ते हो म्हणाले तरच लग्न, हे तिचं पक्कं होतं. आई लहानपणीच गेलेली. सुट्टीत घरी सांभाळायला कोणी नसायचं, म्हणून लेकीला बसमध्ये बरोबर घेऊन फिरलेला हा बाप. त्याचं मन मोडून तिला सुख लागलं नसतं.

पण पातं फिरत होतं. दोन मोठ्या चाकांवरून पट्ट्यासारखं सरसरत खाली येणारं, बारीक दातांचं पातं. एका झुलत्या खुर्चीच्या पायाची कमान कापायचं काम चाललं होतं आणि ते ऐन वळणात आलं होतं. अशा वेळी लाकूड मागे ओढलं तर पातं चाकावरून निसटतं, आणि नजर हलली तर बोट जातं. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ही गोष्ट त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती. फिरत्या पात्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला नातेवाईक नसतात, असं ते म्हणायचे. सासरे नसतात. होणारे सासरे तर नसतातच.

"अहो सुतार, मी हाक मारतोय."

ही दुसरी. त्याच्या मानेवरून घाम ओघळला. नजर पेन्सिलच्या रेघेवरच राहिली. डावा हात लाकडाला टेबलावर दाबून धरत होता, उजव्या हातातली काठी त्याला मागून पुढे ढकलत होती, आणि दोन्ही हात पात्याच्या वाटेपासून बाजूला होते. मनात जुळत आलेलं लग्न मोडत होतं. हात बापडे आपलं काम करत होते.

तिसरी हाक आलीच नाही. ते जास्त वाईट होतं.

शेवटी कमान सुटी झाली. त्याने बटण बंद केलं. यंत्राचा आवाज उतरला, पण पातं अजून फिरतच होतं. इथेच माणसं फसतात. आवाज गेला म्हणजे पातं थांबलं असं समजून तुकडा उचलायला हात घालतात. तो हात मागे घेऊन, पात्याकडे बघत उभा राहिला. यंत्र बंद करूनही हा माणूस वळायला तयार नाही, असंच कोणालाही वाटलं असतं. मागून खाकरल्याचा आवाज आला. चाकं थांबली, पात्याचे दात एकेक करून मोजता येतील इतके स्वच्छ दिसू लागले, तेव्हा कुठे तो वळला.

वडील हाताची घडी घालून उभे होते. शर्टाला कडक इस्त्री, बूट चकचकीत. त्यांच्या पाठीमागे ती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने अंगावरचा भुसा झटकला, स्टूल पुढे केलं आणि बसायची विनंती केली. ते बसले नाहीत.

"मी हाक मारली. ऐकू आली नाही का?"

त्यांच्या पाठीमागून ती कानाकडे बोट दाखवून जिवाच्या आकांताने मान हलवत होती. नाही म्हण, नाही म्हण. सबब आयती ताटात वाढून ठेवल्यासारखी होती. एवढ्या खडखडाटात ऐकू आलं नाही, याला कोण नाही म्हणणार? पण ज्या घराशी जन्माचं नातं जोडायचं, त्या घरात पहिलंच पाऊल खोट्यावर टाकायचं त्याला जमेना.

"आली. पहिलीच ऐकू आली," तो म्हणाला. "पण पातं फिरत असताना मी वळत नाही. कुणासाठीच नाही. उद्या हिने हाक मारली, तरी नाही वळणार."

तिने डोळे मिटून घेतले.

वडील यंत्राजवळ गेले. पात्यावरचं झाकण लाकडाला जेमतेम लागणार नाही इतकं खाली उतरवलेलं होतं, ते त्यांनी वाकून पाहिलं. मग काठी उचलली. तिचं टोक पात्याने जागोजागी कुरतडलेलं होतं. त्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला, सुताराच्या धडधाकट बोटांकडे एकदा बघितलं आणि काठी होती तिथे नीट ठेवली. लेकीकडे वळले तेव्हा त्यांच्या मिशीत हसू मावत नव्हतं.

"लहानपणी बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसून 'बाबा, बाबा' करत रडायचीस, बाबा वळून बघत नाहीत म्हणून," ते म्हणाले. "आता तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही. हा तूच निवडलायस."