मागची रांग

मागच्या रांगेत पुन्हा जागा रिकामी झाली होती.

सुनेनं फळीवर आतपर्यंत हात घालून चाचपलं. पुढे बरण्या शहाण्यासारख्या उभ्या होत्या, तांदूळ, कडधान्य, मीठ, सुकवलेले टोमॅटो. त्यांच्यामागे गेल्याच आठवड्यात भरलेले डबे हवे होते. तिथे नुसती धूळ.

"काय गं, आतच झोपलीस का?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"नाही हो. फळ्या पुसतेय."

"पुसून झालं की ते पिंप इकडे घे."

"उजवा हात दुखतोय, आई."

"मग डाव्यानं ओढ. वेळ आली की हात निवडत बसायला मिळत नाही."

घ्या! बाईंच्या तोंडी कौतुकाचा शब्द म्हणून नाही. सासूबाईंनी उभा जन्म इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कोठार सांभाळलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर तेच कोठार जणू घरी आणलं होतं. गल्ली त्यांना कोठारीणबाई म्हणायची. जग बुडालं तरी यांची चूल पेटलेली असेल, अशी थट्टा चालायची. त्यावर सासूबाई एवढंच म्हणत, "वेळ काही सांगून येत नाही."

त्या न आलेल्या वेळेपायी सून मात्र मेटाकुटीला आली होती. धान्याला ऊन द्या, बरण्या उकळा, गच्चीवर गोण्यांत बटाटे लावा, भाजीचं बी धरा, कोंबड्यांचं बघा. पूर्वी सासूबाई स्वतः हात लावत. आताशा लांब खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "मी नाहीच असं समजून कर." बटाटे कुजले की पुन्हा लावायला लावत. कधीकधी सुनेला वाटे, सगळं तसंच टाकून गच्चीवर आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये.

कोठाराचा नियम एकच. नवं मागे, जुनं पुढे. जे खराब व्हायला टेकलं ते आधी खायचं. त्यामुळे या घरात ताजं कुणी खाल्लंच नव्हतं. ताजं बिचारं शिळं व्हायची वाट बघत मागे उभं असायचं.

आणि नाहीसं होत होतं ते नेमकं मागचंच. बाहेरचा चोर हाताला येईल ते पुढचं उचलेल. सगळ्यात जास्त टिकणारा माल मागे असतो, हे माहीत होतं फक्त दोघींना. आता कुंपणच शेत खाईल का? सासूबाई स्वतःच्या कोठारात कशाला चोरी करतील? मग उरली ती स्वतः. आपण झोपेत तर चालत नाही ना, अशीही शंका तिला येऊन गेली.

गुरुवारी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि बोलायचा अगदी शांत.

"आई, कोठार कमी दिसतंय."

"उंदीर असतील."

"उंदीर डब्यासकट नेतात?" तो हसला. बायकोनं उजवा हात टेबलाखाली घेतला. "माहेरी पोचतंय वाटतं. रविवारी मी स्वतः बघणार. एक डबा जरी कमी निघाला ना, तर डब्याच्या मागोमाग हिलाही बाहेर काढतो."

सासूबाई खाली मान घालून जेवत राहिल्या. सुनेला नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या या गप्प राहण्याचंच जास्त लागलं. माहेरी होतं तरी कोण आता? आईवडील गेले, आणि भावानं दार कधीच लावून घेतलं होतं. बाहेर म्हणजे रस्त्यावर.

शनिवारी नवरा कामावर गेल्यावर तिनं उरलेले डबे लांब लांब मांडून पाहिले. इकडचं झाकावं तर तिकडचं उघडं पडे. शेवटी ती जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली.

"आई, मागची रांग संपत आलीय. मी नाही हो घेतलं. तुमची शपथ."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. "उठ. चपला घाल. पीठ आणायला जाऊ."

"उद्या तो बघणार आहे, आणि तुम्हाला पीठ सुचतंय?"

"चल म्हटलं ना."

दोघी निघाल्या. गिरणी आली आणि मागेही पडली, सासूबाई थांबल्या नाहीत. दोन गल्ल्या ओलांडून त्या चपला शिवणाऱ्याच्या दुकानामागचा जिना चढल्या. गुडघे धरत, मधेच टेकत. वर एका दाराचं कुलूप त्यांनी काढलं.

एकच खोली. खिडकीत बटाट्याच्या गोण्या, त्यांना हिरवे कोंब. कोपऱ्यात शेगडी, भिंतीशी धुतलेली चादर घातलेली खाट. आणि फळ्यांवर सगळे नाहीसे झालेले डबे.

"म्हणजे तुम्हीच!" सुनेचा आवाज फुटला. "आणि बोलणी मी खाल्ली?"

"खाल्लीस. माझं तोंड उघडलं असतं तर ही खोलीही त्याला कळली असती."

सून खाटेवर बसली. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "एवढा आटापिटा कशासाठी, आई? पूर येणार आहे, की युद्ध होणार आहे?"

सासूबाईंनी किल्ली तिच्या मांडीवर ठेवली.

"पूर परवडला असता गं. ज्याच्या भीतीनं हे सगळं भरलं, त्याला मीच जन्म दिलाय. मी जिना उतरले की दाराला आतून कडी घाल."