बाबा फ्रेममध्ये येतात

"हे दोन दगड जुळे आहेत का गं?" भिंगसरांनी खारूला विचारलं.

पोर्टफोलिओ दाखवायचा आज शेवटचा दिवस. निसर्गदृश्यांचे दहा फोटो. सर हो म्हणाले तर फोटोग्राफीचा कोर्स पूर्ण, नाही म्हणाले तर अख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. सरांचं खरं नाव कोणी घेतच नाही. गळ्यात दोरीला भिंग, आणि त्या भिंगातून सुटेल अशी चूक अजून जन्माला यायचीय. सर टेबलावर वाकले होते, त्यांच्यामागे सगळा वर्ग वाकला होता, खारू तेवढी खांबासारखी ताठ.

"हा दगड इथे. हाच दगड, हीच भेग, परत इथे. आणि या फोटोत एकच झुडूप दोनदा. काय पुसलंयस तू?"

आता लपवून काय उपयोग?

"बाबा," खारू म्हणाली.

वर्ग असा हसला की एकाला ठसका लागला.

पण खरंच बाबाच होते! बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कामाचं भडक नारिंगी जाकीट सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगात. आणि खारू म्हणजे कुठेही चढणार, म्हणून तर नाव खारू. एकदा कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकत गेली आणि पायऱ्यांवरून गडगडली. पाय प्लास्टरात. तेव्हापासून दर रविवारी बाबा सोबत. बरं, आलात तर आलात, उभं कुठे राहायचं? बरोब्बर समोर! टेकडी असो, नदी असो, कुठेतरी एक नारिंगी ठिपका, आणि वर त्याचे हातवारे.

"बाबा, माझ्या मागे उभे राहा ना!"

"हो हो," म्हणायचे, आणि दोन मिनिटांत परत समोर. मैत्रिणी म्हणायच्या, काकांना हिरो व्हायचंय गं. मग खारू घरी येऊन कॉम्प्युटरवर बाबांना पुसायची. शेजारचं गवत घ्यायचं, शेजारचे दगड घ्यायचे, बाबांवर चिकटवायचे.

मागच्या महिन्यात एकदा तिचा भडकाच उडाला. "माझा अर्धा वेळ तुम्हाला पुसण्यात जातो! येऊच नका ना तुम्ही!"

बाबांनी जाकिटाची चेन वर केली, परत खाली केली. पुढच्या रविवारी म्हणाले, "तू जा. मला काम आलंय. लिफ्टमध्ये माणूस अडकलाय." तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो." संपलं.

सर एकेक फोटो बाजूला सारत होते. "छान आहे. कॅलेंडरवर शोभेल. हेही कॅलेंडर. हेही. टेकडी आहे, मान्य, पण केवढी? घराएवढी की बशीएवढी? मला कसं कळणार?"

गेलं वर्ष वाया, खारूला वाटलं.

राहिला शेवटचा फोटो. जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी, आणि पलीकडे उंच करडा कडा. हा ती एकटी गेली होती त्या रविवारचा. फोटो जरा तिरकाच होता, कारण कडा पूर्ण मावावा म्हणून ती मागे सरकत होती आणि अचानक कुणीतरी अशी सणसणीत शीळ घातली की दचकून बटण दाबलं गेलं. मागे वळून बघते तर काय, टाचेपासून वीतभरावर जमीनच संपलेली! खाली नुसता खड्डा. ती झटकन पुढे सरकली. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही. असेल कुणी गुराखी, म्हणून ती तशीच घरी आली आणि कुणाला चकार शब्द बोलली नाही.

सरांनी या फोटोवर भिंग ठेवलं. ठेवलं ते उचलेचनात.

"हा," शेवटी ते म्हणाले. "हा जिवंत आहे. एवढा थोरला कडा आणि त्याच्या पायाशी एवढासा माणूस. बाकीच्या फोटोंतले न पुसलेले बाबा आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत सर! सगळे आहेत!"

"मग संध्याकाळपर्यंत तेच छापून आण. पास."

खारूच्या जिवात जीव आला. वर्गानं टाळ्या पिटल्या, कुणीतरी "बाबा झिंदाबाद" ओरडलं, ती हसत हसत खुर्चीवर बसली आणि तशीच उठली.

"पण सर, या फोटोत माणूस नाहीये. मी एकटीच गेले होते."

सरांनी भिंग तिच्या हातात दिलं.

ती वाकली. कड्याच्या पायथ्याशी, एका दगडाआड अर्धवट लपलेला एक माणूस. जाकीट उलटं घातलेलं, आतली करडी बाजू बाहेर, म्हणून करड्या दगडात मिसळून गेलेला. कॉलरची नारिंगी कड तेवढी दिसत होती. कोपर वर, दोन बोटं तोंडात. आणि उभा कुठे? समोर. नेहमीसारखा बरोब्बर समोर, जिथून तिच्या मागची जमीन दिसते.

ती पळत बाहेर गेली आणि फोन लावला.

"बाबा, पास झाले मी!"

बाबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की फोनमधून वारंच आलं.

"आणि बाबा, त्या दिवशी लिफ्टमध्ये कुणीच अडकलं नव्हतं ना?"

पलीकडून जाकिटाची चेन वर-खाली झाल्याचा आवाज आला.

"शीळ कशाला घालत बसलात? सरळ हाक मारायची ना!"

"हाक मारली असती तर ओळखलं असतंस," बाबा म्हणाले. "मग परत मला पुसत बसली असतीस."