जाड पायांचा घोडा

घोडा पुन्हा बसला. आधी पुढचे पाय गेले, मग पोट फतकल मारून पाटावर टेकलं. पितांबर दलालाने डाव्या हाताने त्याची मान धरली आणि तो सगळा चिखल घमेल्यात आपटला.

"हाऊ घोडा शे का घूस?" बायकोने, बेबीबाईने, स्वयंपाकघरातून विचारलं.

ऐकून घेण्याची पाळी आता त्याची होती आणि खरं सांगायचं तर ते योग्यच होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत पितांबरने जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना नावं ठेवली. याच्या छातीवर भोवरा, त्याचे खूर चपटे, ती घोडी चालते की लंगडते. एखाद्याच्या उमद्या घोड्याकडे तो अशा तोंडाने बघायचा, की आपण गाढव घेऊन आलो की काय, असं मालकालाच वाटायला लागे. घरातही तेच. बेबीबाईची भाकरी त्याला कायम जाडच लागली. उन्हाळ्यात लकवा आला. त्याने उजवा हात नेला, जीभ मात्र ठेवली. उलटं झालं असतं तर गावाला जरा बरं वाटलं असतं.

पण दलालाचं जिभेने अर्धंच काम होतं. घोड्याचा खरा भाव तोंडाने कुणी बोलत नाही. दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. वर तोंड घोड्याला शिव्या देतं, खाली बोटं सौदा करतात. दत्तजयंतीची यात्रा जवळ आली होती आणि पितांबरची ती बोटं लाकडासारखी पडून होती. ती हलली नाहीत तर यात्रेत जाऊन तो करणार काय? जिलबी खाणार आणि घरी येणार.

व्यायाम शिकवायला शहाद्याहून निशा नावाची मुलगी यायची. माती तिनेच आणायला लावली. "बाबा, आवडेल ते बनवा, पण उजवा हात मातीत राहू द्या," असं तिने बजावलं होतं. पितांबरला आवडणारी वस्तू जगात एकच. त्यामुळे रोज घोडा. पण चांगल्या जातीच्या घोड्याच्या पायाची नळी बारीक असते, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की मातीच्या घोड्याचे पायही तो घासून घासून काड्या करून ठेवायचा. ओल्या मातीला वजन पेलत नाही, पाय जाड ठेवा, असं निशा सांगून थकली.

"तसा पाय म्हैसले ऱ्हातस," तो म्हणायचा, आणि घोडा बसायचा. ज्याला काही येत नाही तो निदान शिकतो तरी. याला सगळंच येत होतं.

बेबीबाई हात पुसत बाहेर आली. घमेल्याकडे बघून म्हणाली, "मन्ही भाकरी जाडी ऱ्हास, पन मोडस नही. करा पाय जाडा."

रागारागाने त्याने पाय वळले, चांगले मुसळाएवढे. उजवा हात नेहमीसारखा मातीवर नुसता ठेवलेला. पायांवर धड बसवलं, मान चिकटवली, कान लावले. घोडा उभा राहिला. इतका भिकार घोडा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याला खरोखर लाज वाटली. पोतं टाकून तो झाकणार, तेवढ्यात दारात नवनीत उभा.

नवनीत म्हणजे यात्रेतला दुसरा दलाल. एकाने सौदा जमवला की दुसऱ्याने मोडायचा, असं दोघांचं आयुष्य गेलं. लकवा आल्यावर सगळं गाव भेटून गेलं, हा तेवढा आला नव्हता. आता मजा बघायला आलाय, हे बेबीबाईने ओळखलं. तिने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

नवनीतने पाणी पिऊन घोड्याभोवती एक फेरी मारली, यात्रेत मारतात तशी. मग वाकून त्याचं तोंड पाहिलं.

"पाय शेतस का गोठाना खांब?" तो म्हणाला. "आन मान कोठे गई? कान तं वांगाना देठ."

"तो इकाले काढेल नही शे," पितांबर म्हणाला. जन्मभर लोकांना वाटलेलं सगळं आज घरपोच परत येत होतं, तेही मातीच्या घोड्यासाठी. डोळे भरून आले आणि ते नवनीतला दिसले, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

नवनीतने खांद्यावरचा रुमाल काढला, पितांबरच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

"भाऊ, तो हात..." बेबीबाई बोलायला गेली.

"शेपटी नही, खूर नही, असा घोडा फुकट दिधा तरी कोन ली?" नवनीतचं तोंड वर चालूच होतं. खाली त्याने पितांबरची बोटं दाबली. भाव सांगितला. यात्रेत सांगितला असता तर मारामारी झाली असती, इतका अपमानाचा भाव.

पितांबरच्या मानेच्या शिरा फुगल्या. कपाळावर घाम आला. दात आवळून तो रुमालाकडे बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. नवनीतने मातीच्या घोड्याला आणखी दोन शिव्या दिल्या. तिसरी अर्ध्यावर राहिली.

त्याने रुमालाकडे पाहिलं, मग पितांबरच्या तोंडाकडे. हात काही त्याने बाहेर काढला नाही.

"येडा व्हई ग्या का तू?" तो म्हणाला. "इतलामा तं जित्ती घोडी येई. काही तं उतर."