सुलोचनाच्या नावाची नळी

"काय ता हयच सांग, बाय. विनोदिनीपासून माका लपवूचा काय असा?" आदोळीच्या पात्यावर ओली काजूबी फोडता फोडता सुलोचना म्हणाली.

कॅन्सरच्या अभ्यासासाठी कोरगावात घरोघर फिरणारी नर्स अंकिता उंबऱ्यावरच घुटमळली. "काकी, आत बसून बोलूया ना." शेजारची विनोदिनी तर ऐसपैस मांडी घालून बसलेली. असली बातमी टाकून ती कसली उठते!

"हयच सांग."

"तुमच्या नमुन्यात विषाणू सापडलाय. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर करणारा. कॅन्सर झालाय असं नाही, पण लवकर तपासायला हवं."

दाराआड उभ्या असलेल्या सुनेने, विमलाने ते ऐकलं. नमुना सासूचा नव्हताच. 'ह्या वयात असली थेरा!' म्हणून सुलोचनाने अंकिताने घरच्या घरी स्वतःच नमुना घ्यायला दिलेली नळी न वापरताच कोनाड्यात टाकली होती. अभ्यासात घेत होते तिशीपुढच्या बायका, आणि विमला सत्तावीसची. पण नवरा जवळ आला की तिला रक्त दिसे. सांगायचं कुणाला? तिने गुपचूप ती नळी वापरली आणि सासूची म्हणून अंकिताच्या हातात दिली. वेडीच म्हणायची! पण भ्यालेल्या माणसाला पुढचं कुठे दिसतं?

आदोळीवरचा हात थांबला. सुलोचनाने मान वळवून दाराकडे पाहिलं. विमलाला वाटलं, भुईने पोटात घ्यावं.

"हो रोग होता कशान गो?" विनोदिनीने विचारलं.

अंकिताला खोटं बोलवेना. "शरीरसंबंधातून येतो विषाणू. पण तो अंगात वर्षानुवर्षं लपून राहतो, त्यात कोणाला नावं ठेवायचं कारण नाही."

तिचं पुढचं वाक्य विनोदिनीने ऐकलं असेल तर शपथ. "अगो बाय माझे! तुझो घोव जाऊन किती वर्सा झाली, सुलोचने! मगे हो रोग खयसून इलो?"

विमलाला राहवेना. कधी या घरात चढा शब्द न काढणारी बाई, आणि तिच्या नावाला आपल्यामुळे बट्टा? ती बाहेर आली. "आई, तो नमुनो..."

"तू गप रव!" सुलोचना कडाडली. "नमुनो माझो असा. जा विनोदिनी, सांग जा वाड्यार, सुलोचनाक रोग असा म्हणान!"

"माका काय पडलाहा," म्हणत विनोदिनी उठली खरी, पण तिची पावलं घराकडे न वळता तिठ्याकडे वळली.

ती दिसेनाशी झाल्यावर सुलोचनाने चिकाने काळवंडलेले हात फडक्याला पुसले. "बाय, नमुनो हिचो. तुझ्या कागदार खरा ताच लिही, आणि औषध हिका होया."

अंकिता विमलाकडे वळून म्हणाली, "आजच चला. डॉक्टर आहेत."

"जा गो, लुगडा बदल. मी येतय तुझ्यावांगडा."

विमलाला रडू आवरेना. "आई, लोक तुमका कायबाय बोलतले."

"बोलांदेत. माझो काय आता संसार मोडतलो?"